कोंबड्याची कॉलर

“वहिनी, तुमच्या कोंबड्याला जरा समजावून सांगा.”

“मी सांगून तो ऐकणारा असता ना भावजी, तर मी त्याच्या आधी माझ्या सासूला समजावलं असतं. माझ्या शब्दाला या घरात विचारतंय कोण!”

“मस्करी नाही करत. काल गाडी चालवताना पापणी मिटली माझी. अशी मिटली, अशी उघडली. पण उघडली तर समोरच्या एका दिव्याचे दोन दिवे झालेले. मागे गाडीभर माणसं माना टाकून झोपलेली. घाम फुटला नुसता.”

मागच्या अंगणातल्या छातीएवढ्या भिंतीवरून हे बोलणं चाललं होतं. पलीकडे रात्रीच्या बसचा ड्रायव्हर, बनियनवर, केस पिंजारलेले, काखेत उशी. उशी घेऊनच तो बाहेर आला होता, पुरावा म्हणून आणली असावी. अलीकडे हातात खराटा घेऊन कॉलरवाली. आणि मधे, उपड्या घातलेल्या टबावर, एक पाय पोटाशी घेऊन कोंबडा उभा. दुसऱ्याच कुणाच्या तरी कोंबड्याची गोष्ट चालली आहे, असा चेहरा करून.

“घरमालकाकडे जायचं माझ्या मनात नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “तुमच्याकडे आलो. पण रविवारपर्यंत काहीतरी करा. मला झोपायला दुसरी जागा नाही. त्याला आरवायला दुसरी बघा.”

एवढं बोलून तो आत गेला. दार आपटलं नाही, हळू लावलं. त्याचंच तिला जास्त लागलं. भांडला असता तर तिनेही चार सुनावले असते आणि प्रकरण भांडणात विरून गेलं असतं. सरळ माणसाशी मोठी पंचाईत असते.

तिला सगळे कॉलरवाली म्हणतात. शर्टांच्या कारखान्यात तिच्या हाताखालून फक्त कॉलरी जातात. बाही एकीकडे, खिसा दुसरीकडे, काज-बटणं तिसरीकडे, आणि कॉलर हिच्याकडे. आख्खा शर्ट तिने जन्मात कधी शिवला नाही, आणि शिवायची हौसही नाही. रस्त्याने चालताना ती माणसांची तोंडं बघत नाही, गळे बघते. कुणाचं टोक उलटलंय, कुणाची पट्टी आखडलीय. नवराही तिने असाच पसंत केला, असं तीच सांगते. बघायला आला तेव्हा मान खाली घालूनच बसली होती, पण वर करायची वेळ आली तेव्हा आधी कॉलर बघितली. झिजलेली होती, पण उलटून पुन्हा शिवलेली होती. हा माणूस वस्तू टाकत नाही, म्हणजे बायकोही टाकणार नाही, असा हिशेब तिने केला. हिशेब बरोबर निघाला. फक्त तो दूर कुठल्यातरी पुलाच्या कामावर क्रेन चालवतो आणि सणकन आठवण आली की फोन करतो, एवढंच.

घरात मग दोघी. ही, आणि पुढच्या खोलीत खाटेवर सासू.

सासूचे डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. डोळे गेल्याचं म्हातारीने फार मनावर घेतलं नाही; “पुष्कळ बघून झालं,” म्हणाली. पण डोळ्यांबरोबर तिचा दिवसही गेला. कधी उजाडतं, कधी मावळतं, काही पत्ता लागेना. भर रात्री उठून अंथरुणाची घडी घालायची. “अगं ऊठ, उन्हं आली असतील अंगणात!” अशी हाक मारायची. रात्र आहे म्हणून सांगितलं तर म्हणायची, “तुला लोळायचं असतं, म्हणून तू रात्र म्हणतेस.” गजराचं घड्याळ आणून ठेवलं, तर त्याच्यावरही भरवसा नाही. “त्याचं काय, कुणीही कान पिळावा आणि त्याने बोंब ठोकावी.” रेडिओ लावून दिला, तर रेडिओवरची माणसं अष्टौप्रहर बडबडतात, त्यांना कसली आलीय सकाळ. सून रात्रभर जागी, दिवसभर मशीनवर पेंगायची. पेंगणाऱ्या माणसाच्या हाताखालून सुई धावत असते, हे कारखान्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अशात तो कोंबडा घरात आला, तोही कोंबडी म्हणून. म्हातारीला पायाशी काहीतरी वळवळतं हवं होतं, आणि हिला घरची अंडी. अंडीवाल्याने पिल्लं दिली आणि आईची शप्पथ घेऊन सांगितलं, सगळ्या माद्या आहेत. बाकीची मांजराने नेली. उरलेलं एक म्हातारीच्या मांडीवर वाढलं. एके दिवशी त्याच्या डोक्यावरून बोट फिरवता फिरवता म्हातारी थांबली. तुरा चाचपला, गळ्याखालचे लोंबते कल्ले चाचपले.

“अगं ए, ही बाई नाही. हा दादला आहे.”

दुसऱ्याच आठवड्यात दादल्याला कंठ फुटला. आणि काय आश्चर्य, म्हातारी झोपायला लागली. कोंबडा आरवला की सकाळ. नाही आरवला की रात्र. माणसांवर, यंत्रांवर नसलेला विश्वास तिने त्याच्यावर टाकला. “त्याला कुणाची भीड आहे? तो खोटं कशाला सांगेल?” रात्री जाग आली तरी ती कानोसा घ्यायची, कुशीवर वळायची आणि पुन्हा घोरायची. सून झोपायला लागली. कॉलरी सरळ यायला लागल्या. सगळं घर त्या एका कंठावर उभं होतं म्हणा ना.

आणि त्याच कंठाने भिंतीपलीकडचा माणूस झोपेतून उठत होता. उजाडायच्या आधी कामावरून यायचा, पाय धुवायचा, पाठ टेकायचा. त्याच्या खाटेचं डोकं बरोबर अंगणाकडच्या भिंतीला. डोळा लागतो न लागतो तोच हा टबावर चढून शहराला हाका मारणार.

त्या दिवशी कामावर जाताना कॉलरवालीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. माना टाकून झोपलेली गाडीभर माणसं, आणि सगळ्यांच्या कॉलरी चुरगळलेल्या.

तिने उपाय सुरू केले. आधी कोंबड्यावर टोपली, टोपलीवर पोतं. आतून आवाज आला तो विहिरीतून आल्यासारखा, पण आला. मग त्याला स्वयंपाकघरात घेतलं, तर भांडी दणाणली आणि भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. जागं असलेल्या माणसाचा खोकला निराळा असतो, तो ओळखू येतो. मग कुणीतरी सांगितलं, कोंबड्याला आरवायला मान वर करावी लागते, मान वर करता आली नाही की झालं. तिने भाजीचं बुटकं खोकं आणलं, त्याला फळीचं झाकण केलं. हा पठ्ठ्या आडवा पडला, मान पुढे काढली आणि झोपल्या झोपल्या आरवला.

“असलं बेरकी जनावर मी बघितलं नाही,” जेवणाच्या सुट्टीत ती कटिंग मास्तरला सांगत होती.

मास्तर म्हणजे कारखान्याची कात्री. कापडाला आणि माणसाला सारखीच चालते. डबा खाता खाता म्हणाला, “अख्ख्या शहराच्या गळ्याला तू कॉलर लावतेस. त्याला लावायला काय धाड भरलीय? भल्याभल्यांचा आवाज बसतो कॉलर चढली की. माझंच बघ ना, लग्नात चढवली, अजून तोंड उघडलेलं नाही.”

बायका हसल्या. कॉलरवाली हसली नाही. ती उठली आणि कातरणीच्या ढिगात हात घालून निळ्या चौकड्यांचा एक तुकडा काढला.

कॉलर तिने मन लावून केली. घरी इंची टेपने त्याच्या मानेचं माप घेतलं. कोंबड्याने टेप गिळायचा प्रयत्न केला, तरी घेतलं. दोन पदर, मधे बकरम. बकरम म्हणजे कॉलरीच्या पोटात घालायचं ते खळीचं कडक कापड; त्याच्यामुळे कॉलर ताठ राहते. खाली उभी पट्टी, वर टीप, टोकं सुईने बाहेर काढून दाबलेली. बटणाऐवजी लहान मुलांच्या बुटांना असते तसली चिकटपट्टी. मशीनवर बसली त्या पहिल्या दिवसापासून तिला एकच धडा मिळाला होता, वाकली ती कॉलर नाही, चिंधी. ही वाकणारी नव्हती. गळ्याला बसवली तेव्हा कोंबडा असा ताठ उभा राहिला, की आता निवडणुकीला उभा राहतो की काय.

पहाटे ती दाराआड उभी राहिली. कोंबडा टबावर चढला. पंख फडफडवले. छाती काढली, चोच उघडली आणि सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. त्याने इकडेतिकडे बघितलं. दुसऱ्या कुणाकडून आवाज आला असेल, असं त्याला वाटलं असावं. पुन्हा चोच उघडली. पुन्हा हवा.

भिंतीपलीकडे हूं नाही की चूं नाही.

संध्याकाळी ड्रायव्हर ड्यूटीला निघताना भिंतीशी थांबला. दाढी केलेली, चेहऱ्यावर रंग आलेला. “वहिनी, आज मला स्वप्न पडलं. किती दिवसांनी! म्हणजे स्वप्नात गाडीच चालवत होतो, पण दिवे एकाचा एक दिसत होते.”

“चला, सुटलात,” ती म्हणाली.

ती मात्र अडकली होती. कारण पुढच्या खोलीत त्या दिवशी सकाळच झाली नव्हती.

“आत्याबाई, उठा, चहा ठेवलाय.”

“रात्रीचा चहा कोण पितं?”

“अहो, उजाडलं.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते!”

“तो म्हणाला का?”

तो काय म्हणणार, त्याच्या गळ्यात निळ्या चौकड्या. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सून कामावरून परत आली तरी पडलेलीच. चहावर साय धरलेली. आणि मग दिवसभर पडून राहिलेली म्हातारी रात्रभर टक्क जागी. “उजाडलं का ग? ... अगं, उजाडलं का?”

दुसऱ्या दिवशीही कोंबडा आरवला नाही, तेव्हा म्हातारीला वेगळीच शंका आली. सुनेने रात्री ताट पुढे केलं. म्हातारीने चार घास खाल्ले, मग वाटी नाकाशी नेली, हुंगली, खाली ठेवली.

“काय आहे यात?”

“भोपळा आहे, आत्याबाई.”

“भोपळ्याला पाय होते का ग?”

“म्हणजे?”

“म्हणजे मला काय समजत नाही होय? कापलास त्याला. शेजाऱ्याने डोळे वटारले आणि तू सुरी काढलीस. सांगायचं तरी, म्हणजे मी जेवले नसते. आता माहीत नसताना चार घास गेले पोटात माझ्या.”

“अहो, भोपळा आहे तो! चावून तरी बघा!”

“तुझ्या हाताला भोपळा आणि कोंबडा सारखाच लागतो,” म्हातारी म्हणाली आणि ताट सारून आडवी झाली.

त्या रात्री दोघी जाग्या. एक हाक मारायला, एक ओ द्यायला. सकाळी कॉलरवाली मशीनवर बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होत होतं. पायाखाली मशीन पळत होतं आणि ती त्याच्या मागे कुठेतरी चालत येत होती. जेवणाच्या सुट्टीआधी मास्तर आला, तिच्या पुढ्यातल्या गठ्ठ्यातली एक कॉलर उचलली, फिरवली, दुसरी उचलली.

“बाई, ही गिऱ्हाइकं उलटी टांगायचीत का?”

तिने बघितलं. अख्खा गठ्ठा. पट्टी गळ्याच्या कडेऐवजी टोकांच्या कडेला शिवलेली. असल्या कॉलरी तिने शिकायला आली तेव्हाही शिवल्या नव्हत्या. मास्तर गठ्ठा उसवायला घेऊन तिच्या बाजूलाच बसला. जाताना एवढंच म्हणाला, “आज कापड गेलं. उद्या बोट जाईल. झोप काढ कुठेतरी.”

घरी आली ती ठरवूनच. कोंबडा अंडीवाल्याला परत द्यायचा, नाहीतर खाटकाला. म्हातारी ओरडेल तर ओरडू दे. तशीही ओरडतेच आहे. पण आधी म्हातारीला तो दाखवायचा. निदान भोपळ्यावरचा आळ तरी जाईल.

कोंबडा अंगणाच्या कोपऱ्यात बसला होता. पंख सैल, डोळ्यावर पापणी ओढलेली, मान मात्र ताठ. रुसलाय, असं समजून तिने काखेत मारला आणि नेऊन म्हातारीच्या मांडीवर ठेवला.

“घ्या. हा बघा तुमचा भोपळा.”

म्हातारीचे हात आधी हवेतच थांबले. मग त्याच्यावर उतरले. तुरा, डोळे, कल्ले. आणि मग गळा.

“हे काय घातलंस?”

“कॉलर.”

“कॉलर?” म्हातारीची बोटं टिपेवरून फिरली, टोकांवर थांबली. “याला काय कचेरीत पाठवतेस?”

“आवाज बंद व्हावा म्हणून. शेजारी झोपत नव्हते. मी कापला नाही, फक्त गप्प केला.”

म्हातारीचा हात कॉलरीखाली, छातीवर आला. कोंबड्याच्या गळ्याखाली दाण्याची पिशवी असते. टिपलेला दाणा आधी तिथे साठतो, संध्याकाळी ती पिशवी लिंबासारखी टपोरी लागते. म्हातारीने ती चाचपली. परत चाचपली.

“काही नाही ग यात,” ती म्हणाली. “रिकामी आहे. तू दाणा घालतेस ना याला?”

“घालते की! सकाळी मूठभर टाकून जाते.”

“आता टाक. इथे. आणि मला सांग, काय करतो ते.”

कॉलरवालीने फरशीवर दाणे टाकले, कोंबड्याला खाली ठेवलं. त्याने दाणे बघितले. बघण्यात काही कमी नव्हतं. मग तो वाकायला गेला. मान वाकेना. कॉलरीची पुढची कड छातीला टेकली आणि तिथेच अडली. त्याने गुडघे मोडले, सगळं अंग तिरकं केलं, शेपूट वर आणि छाती खाली. चोच दाण्यापासून एवढ्याशा अंतरावर राहिली. तो पुन्हा सरळ झाला आणि उभा राहिला, ताठ, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. पाण्याचं भांडं तिने विटांवर ठेवलं होतं, तिथे चोच पोचत होती, म्हणून जीव तगला होता.

“काय करतोय?” म्हातारीने विचारलं.

हिने वाकून कॉलरीच्या कडेवर बोट ठेवलं.

“अगं, बोल की.”

“वाकता येत नाही त्याला, आत्याबाई. बकरम घातलंय मी.” ती खाली बसली. “कॉलर हाताने जेवणाऱ्यांची असते. त्याला हात कुठेत.”

म्हातारीला आधी हसू आलं की राग, ते तिलाही कळलं नसेल. “शिवलंस मात्र झोकात,” ती म्हणाली. “उपाशी मेला असता, पण रुबाबात मेला असता.”

कॉलरवालीने चिकटपट्टी ओढून काढली. कोंबड्याने मान हलवली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मग फरशीवर चोचीची अशी टकटक सुरू झाली की बाजूच्या मशीनवर कुणी बसलंय असं वाटावं. दोघी ती ऐकत बसल्या. पहिली मूठ संपली, दुसरी घातली.

“आता परत आरवेल,” सून म्हणाली. “आणि मग शेजारचे झोपणार नाहीत. आणि गाडी... तुम्हाला सांगितलं नाही मी. त्यांची पापणी मिटली होती गाडी चालवताना. खाटकाला देते उद्या.”

गाड्या-रस्त्यांचं म्हातारीला काही माहीत नव्हतं, पण न झोपलेल्या माणसाचं होतं. तिनेच सुनेला न झोपलेलं माणूस केलं होतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. सांगायची पद्धत नव्हती एवढंच.

“अगदी मुका कशाला करतेस?” ती म्हणाली. “हळू बोलायला लाव. मोठ्याने बोलतो त्याचा त्रास आहे ना? मी काय भिंतीपलीकडे झोपते? मी इथे झोपते. मला त्याची बोंब नको. मला नुसतं कळलं पाहिजे. त्याला इथे बांध, माझ्या खाटेखाली. आणि गळ्याला काहीतरी मऊ दे. वाकणारं.”

“वाकणारी कॉलर?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“मग नको म्हणू कॉलर. चिंधी म्हण.”

जिवावर आलं, पण तिने चिंधीच शिवली. जुन्या बनियनच्या गळ्याची विणीची पट्टी, बोटभर रुंद, आत काही नाही. बांधायला बसली तेव्हा म्हातारीने हात पुढे केला. “पिसांवरून नको. पिसं बाजूला कर, कातडीवर घे. आणि माझी करंगळी आत घालून बघ. जाते? सहज नको जायला, अडकूनही नको. तुझं बोट नको, सुया टोचून टोचून तुझ्या बोटाला काही लागत नाही आता.” बांधली, सोडली, पुन्हा बांधली. दाणे टाकून बघितले. तो वाकला, टिपले, गिळले. गिळताना पट्टी जरा ताणली आणि परत बसली.

त्या रात्री त्याला खोक्यात घालून खाटेखाली सारला. म्हातारी एकदोनदा म्हणाली, “उजाडलं का?” आणि खाटेखालून काही उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच म्हणाली, “नाही,” आणि वळली.

पहाटे कॉलरवालीला जाग आली ती आवाजाने नाही. सवयीने. ती अंधारात पडून राहिली. पुढच्या खोलीत खोकं खडबडलं. पंख आपटले. आणि मग आवाज आला. घसा बसलेल्या पाहुण्याने दाराबाहेरून “कुणी आहे का घरात?” विचारावं, तसा घोगरा, खालच्या पट्टीतला. शेवटची ओढ तर तोंडातल्या तोंडातच विरली.

खाट करकरली.

“उजाडलं ग,” म्हातारी म्हणाली. “सर्दी झालीय त्याला, पण उजाडलं.”

कॉलरवाली उठून मागच्या दाराशी गेली आणि भिंतीला कान लावला. पलीकडे ड्रायव्हर घोरत होता. चढणीला लागलेल्या गाडीसारखं ते घोरणं वर वर चढत गेलं, माथ्यावर थांबलं आणि पलीकडे उतरलं. पुढच्या खोलीत खाटेखालून कोंबडा पुन्हा आरवला. पलीकडची गाडी काही थांबली नाही.

तिने चहा टाकला. म्हातारीने फुंकर मारून प्यायला आणि म्हणाली, “परवा तो भोपळा होता, तो बरा झाला होता.”

“चार घास तर खाल्लेत. तेही कोंबडा समजून.”

“म्हणून तर बरा लागला.”

कारखान्यात मास्तर तिच्या मशीनशी येऊन उभा राहिला, चेहरा बघितला. झोपलेलं माणूस त्यालाही ओळखू येत होतं.

“काय ग, कोंबड्याने नोकरी सोडली वाटतं?”

“नाही. आता घरूनच काम करतो,” ती म्हणाली, आणि नव्या गठ्ठ्याची गाठ सोडली. वरचा तुकडा घेतला, बकरम मधे घातलं, कडा जुळवल्या आणि पायाने मशीन चालू केलं.